बचत गटात व्यवहार शिकवायला निघालेल्या ताईला

पहिल्या दिवशी भाषण नको. बँकेच्या पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपा आण आणि प्रत्येकीला स्वतः भरू दे. चुकली तर दुसरी दे, पण पेन तू हातात घ्यायचं नाही. (मी दोन वर्षं सगळ्यांच्या स्लिपा भरत बसले, शिकलं कोणीच नाही!)

मोबाइलला मात्र दोन-तीन बैठका दे. यूपीआयचा पिन पैसे द्यायला आणि शिल्लक बघायला लागतो, घ्यायला कधीच नाही. एकमेकींना रुपया-रुपया पाठवायला लाव, म्हणजे पटतं. 'पैसे जमा होतील, पिन टाका' म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवायचा. फसलीच कोणी तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. हा नंबर तोंडपाठच हवा. सोबत कॉलेजची पोरं आली तर बसू दे, स्लिप त्यांनाही येत नाही.