जुन्या ग्रुपवर बाकीच्यांच्या कोट्यांना दाद मिळते, माझ्याच पडतात. काय चुकतं?

बहुधा तुम्ही शब्द आधी हेरून ठेवता आणि प्रसंग मागून जुळवता. कोटी समोरच्याने आत्ता वापरलेल्या शब्दावरच, आणि लगेच करायची. कुणी लिहिलं, 'पोचलात की कळवा', तर 'नाही हो, ठाण्यालाच उतरतोय' एवढंच पुरे (कळवा हे ठाण्याशेजारचं लोकलचं स्टेशन). शब्द अवतरणचिन्हात टाकला किंवा पुढे तीन हसरे चेहरे लावले की मेली. मध्ये दोन-चार मेसेज पडले असतील तर मूळ मेसेजलाच रिप्लाय द्या, नाहीतर शब्दच सापडत नाही. लेखी कोटीची आणखी एक खोच: 'दिन' आणि 'दीन' बोलताना खपून जातात, लिहिताना वेलांटी घात करते. उलट आकड्यातला 'चार' आणि 'गुरं चार' मधला 'चार' उच्चारात वेगळे, म्हणून ती कोटी लिहूनच जमते. शब्द तोडून केलेला सभंग श्लेष ('नवरी', 'न वरी') मात्र जपून. वाचणारा तोडायची जागा चुकला की संपलं. अर्थात कळव्याची कोटी मुंबईची लोकल माहीत असणाऱ्यांतच चालेल. आणि आडनावावर कोटी करायचीच, तर त्या माणसाने स्वतः आधी केली असेल तरच.