आधी घरापासून पाच फूट बघ

नवीन घर रानाच्या कडेला घेतलंयस ना, मग ऐक. सगळ्यांना वाटतं वणव्याची मोठी ज्वाळा येऊन घर पेटवते, पण बरीच घरं ठिणग्यांनी जातात, वाऱ्याबरोबर किलोमीटरभर लांबून पण उडत येतात त्या आणि पन्हाळीतल्या वाळल्या पानात बसून धुमसत राहतात. मी स्वतः बघितलंय, दारातलं काथ्याचं पायपुसणं, त्यावर नखाएवढा निखारा पडला, आधी नुसता काळा डाग, मग कडेने लाल रेघ सरकायला लागली, वेळेत पाणी ओतलं म्हणून चौकट वाचली.

म्हणून सुरुवात भिंतीपासून कर. पहिल्या दीड मीटरात जळणारं काहीच नको, खडी टाक नाहीतर फरशी घाल, भिंतीला टेकलेली झुडपं काढ (जीवावर येतं, माहितेय, तरी काढ). सरपण दहा मीटर लांब ठेव, आणि उतार असेल तर घराच्या खालच्या अंगाला अजिबात रचू नकोस कारण आग चढावर जास्त जोरात पळते. छपराखालच्या झरोक्यांना ३ मिलिमीटरची धातूची जाळी बसव, प्लास्टिकची वितळते. गवत बोटभर ठेव पण भर उन्हात मशीन लावू नको, पातं दगडावर घासून ठिणगी उडते, सकाळी गारव्यातच काप.

आणि निघा म्हणून सांगितलं की लगेच निघायचं, गाडीचं तोंड रस्त्याकडे करूनच ठेव, पाइप धरून थांबायचं नाही, वीज गेली की पंप पण बंद पडतो.