तीन रात्रींच्या माल्टाचा पूर्ण हिशेब

लंडनजवळच्या स्लाउहून एका ताईंनी लिहिलंय: "आम्ही चौघं. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा नुकताच चारचा झाला. सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय. जानेवारीत शुक्रवार ते सोमवार माल्टाला जायचं मनात आहे. ऑफ सीझनमुळे जाऊन-येऊन तिकीट माणशी ३८ पाउंड आणि हॉटेल तीन रात्रींचं २१० पाउंड, म्हणजे ३६२ पाउंडांत सहल. क्रेडिट कार्डावर २४ टक्क्यांनी १,४०० पाउंड थकलेत. बचत ४,५०० पाउंड, महिन्याचा खर्च २,९००, शिल्लक साधारण ७००. दोन वर्षांनी आयएलआरचा, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज करायचाय. तीन वर्षांत पुण्याखेरीज कुठे गेलेलो नाही. जावं का?"

ताई, येत्या जानेवारीत जाऊ नका. त्यानंतर वर्षभराने, फेब्रुवारीच्या हाफ टर्ममध्ये, म्हणजे शाळेच्या आठवडाभराच्या सुट्टीत जा, आणि तीनऐवजी सहा रात्री राहा.

तुमच्या ३६२ मध्ये व्हिसा धरलेलाच नाही. माल्टा २००७ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि ब्रिटनमध्ये राहण्याचा परवाना तिथे चालत नाही. जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाचं शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५ आणि सहाच्या आतल्यांना काही नाही. तुमचे झाले २२५ युरो, म्हणजे सुमारे १९५ पाउंड. चौघांच्या विमानाला १५२ आणि व्हिसाला १९५! त्यावर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क आणि किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा. या दोन्हींचे मिळून मी १०० धरते. व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळत नाही, आणि सगळ्यात स्वस्त तिकिटाचे पैसेही सहसा बुडतातच.

पुढचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. ३८ पाउंडांच्या तिकिटात सीटखाली मावेल एवढीच पिशवी नेता येते. थंडीचे दिवस आणि दोन मुलं म्हटल्यावर दोन केबिन बॅगा लागतीलच, त्याचे ७०. विमानतळावर पार्किंग ६०. तिथलं खाणंपिणं २६०, बस आणि प्रवेश तिकिटं ८०. सगळं मिळून १,१२७ पाउंड, म्हणजे तुमच्या आकड्याच्या तिपटीहून जास्त.

यातले तिकीट, बॅगा, व्हिसा आणि विमा मिळून ५१७ पाउंड तुम्ही एक रात्र राहा नाहीतर दहा, तेवढेच जाणार. तीन रात्रींवर वाटले तर रात्रीला १७२, सहा रात्रींवर ८६. विमानाला एका बाजूने तीन तासांहून जास्त लागतात, त्यामुळे शुक्रवार आणि सोमवार प्रवासातच जातील. ब्रिटिश पासपोर्टवाल्या शेजाऱ्यांना असा वीकएंड परवडतो, कारण त्यांना व्हिसाच लागत नाही. त्यांच्या हिशेबावर तुमची सहल बेतू नका.

आता कार्ड. १,४०० वर महिन्याला जवळपास २८ पाउंड व्याज जातंय. माल्टाही कार्डावर टाकलंत तर ते पन्नासच्या घरात जाईल. बचतीतून खर्च केलात, तर आधीच दीड महिन्याची असलेली गंगाजळी आणखी आटेल. तुमचा ब्रिटनचा व्हिसा नोकरीवर अवलंबून असताना हे मला अजिबात पटत नाही.

आणि मला खरी काळजी आयएलआरची वाटते. एप्रिल २०२५ मध्ये त्याचं शुल्क माणशी ३,०२९ पाउंड झालं. मुलांनाही तेवढंच. चौघांचे १२,११६. पुढे ते कमी होईल असं धरूच नका. काही कंपन्या कर्मचाऱ्याचा, कधी कुटुंबाचाही हा खर्च उचलतात. एचआरला आजच ईमेल करून विचारा. तिथून होकार आला तर खालचं सगळं गणित सैल होईल.

नकार आला असं धरून मांडते. डिसेंबर-जानेवारीची शिल्लक पूर्ण कार्डावर टाका, म्हणजे ते जवळपास फिटेल. फेब्रुवारीपासून २२ महिने दरमहा ५५१ पाउंड आयएलआरसाठी. ते केव्हाही काढता येतील अशा बचत खात्यात किंवा कॅश आयसामध्ये (व्याजावर कर न लागणारं बचत खातं) ठेवा, शेअर बाजारात नको. दोन वर्षांत लागणारा पैसा आहे हा. उरले महिन्याला १४९. ते वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याला 'माल्टा' असंच नाव द्या. बारा महिन्यांत १,७८८ होतील. सहा रात्रींचा खर्च माझ्या हिशेबाने १,७०० च्या आसपास येतो. हाफ टर्ममध्ये तिकीट चढतं, दुप्पटही होईल. तसं झालं तर एक रात्र कमी करा, पण कार्ड बाहेर काढू नका.

हाफ टर्मचा आग्रह शाळेसाठी आहे. इंग्लंडमध्ये दहा आठवड्यांत पाच दिवस विनापरवानगी गैरहजेरी झाली की दंडाचा विचार होतो. प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पाउंड, २१ दिवसांत नाही भरले तर १६०. एका सोमवारने दंड लागणार नाही, पण तो दिवस मोजला जातो. मुलाचा व्हिसा मात्र तेव्हाही फुकटच असेल, कारण तो पाचच वर्षांचा असेल.

हवा जानेवारी काय, फेब्रुवारी काय, सारखीच: दुपारी १६ अंशांच्या आसपास, मधूनच पाऊस. समुद्र बघायला सुंदर, डुंबायला गार. हॉटेल घेताना खोलीत हीटर आहे का ते आधी विचारा. तिथली दगडी घरं हिवाळ्यात आतून गार आणि दमट असतात आणि स्वस्त खोल्यांत हे हमखास सोसावं लागतं. गाडी भाड्याने घेऊ नका, बस भरपूर आहेत आणि हिवाळ्यात तिकीट स्वस्त असतं. प्लग ब्रिटनसारखेच, अ‍ॅडाप्टर नको. नाश्त्याला पास्तिझी, म्हणजे मटार भरलेली खुसखुशीत पेस्ट्री घ्या, अगदी थोडक्यात पोट भरतं. एक दिवस फेरीबोटीने शेजारच्या गोझो बेटावर जा, पंचवीस मिनिटांत पोचाल. राजधानी व्हॅलेटाच्या सेंट जॉन को-कॅथेड्रल या चर्चमधलं इटालियन चित्रकार कॅराव्हाजिओचं १६०८ सालचं भव्य चित्र चुकवू नका. हाल साफ्लिएनीचं जमिनीखालचं प्राचीन दफनस्थळ मात्र सहा वर्षांखालच्या मुलांना बंद आहे, त्यामुळे चौघांची तिकिटं काढू नका. दोघांपैकी एकाने मुलीला घेऊन जावं, दुसऱ्याने मुलाला सांभाळावं. रोज मोजक्याच लोकांना सोडतात, तेव्हा व्हिसा हातात आला की पहिलं बुकिंग तेच करा.