कैद्याला लवकर रडवू नकोस

प्रिय मित्रा,

नॉर्मन मॅकिनेलची 'द बिशप्स कँडलस्टिक्स' ही एकांकिका मराठीत करतोयस आणि कैद्याचं काम तुझ्याकडेच आहे, म्हणून हे लिहितोय. गोष्ट साधी: पळून आलेला कैदी सुरी घेऊन बिशपच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूच्या, घरात शिरतो, बिशप त्याला जेवू घालतो, तो चांदीची शमादानं (मेणबत्त्या लावायचे स्टँड) चोरून पळतो, आणि सार्जंट त्याला पकडून आणतो तेव्हा बिशप 'ती मीच दिली' म्हणून त्याला सोडवतो.

आधी एक गोंधळ निस्तर. एकांकिका व्हिक्टर ह्यूगोच्या 1862 च्या कादंबरीतल्या प्रसंगावर आहे, पण दोन्हींतला कैदी तंतोतंत एक नाही. कादंबरीत त्याची 19 वर्षं जातात, पाच वर्षं पाव चोरल्यापायी आणि बाकीची पळण्याच्या प्रयत्नांपायी. एकांकिकेत तो आजारी बायकोसाठी अन्न चोरतो आणि दहा वर्षं भोगतो. तुझा कैदी हा दुसरा. तालमीत पहिल्याची वाक्यं घुसडू नकोस.

पहिल्या प्रवेशात ओरडू नकोस. उपाशी, पळून आलेला माणूस दबक्या आवाजात धमकावतो, कारण बाहेर कुणी ऐकलं तर तोच अडकणार. सुरुवातीलाच टिपेला गेलास तर सार्जंट येईपर्यंत तुझ्या हाती काही उरणार नाही. सुरी लाकडी घे, वर चंदेरी रंग दे. पातं बिशपच्या खांद्याबाहेर धर, प्रेक्षकांतून ते अंगावरच दिसतं. जेवतानाही ती डाव्या हातात राहू दे. ताट छातीशी, नजर दाराकडे. पाव कोरडा असेल तर वाक्यावर ठसका लागतो, म्हणून आधी पाण्याचा हात लाव, सुपारीएवढे तुकडे कर आणि गिळल्याशिवाय बोलू नकोस. वाइनऐवजी गार कोरा चहा.

आता बिशप. हे पात्र गोड हसऱ्या संताचं झालं की एकांकिका पडते. त्याच्या दयेला किंमत आहे. गरीब म्हातारीचं भाडं भरायला त्याने मिठाची चांदीची भांडी विकली आहेत, आणि उरलेली शमादानं आईची आठवण आहेत. 'ती मीच दिली' म्हणण्याआधी त्याने एकदा शमादानांकडे पाहावं, एक श्वास घ्यावा. तेवढं पुरे. बहिणीचं काम करणारीलाही सांग, तिची चिडचिड हशा मिळवण्यासाठी नाही. घरातून काय काय गेलंय ते तिच्याच तोंडून प्रेक्षकांना कळतं.

विश्वास टाकणं म्हणजे काय हे समजून घ्यायला फार लांब जायला नको. आपल्याच सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळ औंध संस्थानाने 1939 मध्ये स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली. खुनाच्या गुन्ह्यातले कैदी तिथे भिंतींशिवाय राहिले, शेती केली, बायकामुलांना आणलं. त्यांना प्रवचन देऊन सोडून दिलं नाही, हातात जमीन आणि जबाबदारी दिली. 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा याच प्रयोगावरून सुचला, तो पाहा. बिशपही नेमकं हेच करतो. उपदेश थोडका, हातात मात्र जड चांदी.

म्हणून शमादानं जड हवीत. प्लॅस्टिकची पोकळ असली तर उचलताना मनगट खोटं बोलतं. पितळेची जोडी घे, प्रत्येकी पाऊण किलोच्या आसपास, आणि बाहेरून कल्हई करून घे. दिव्यात ती जुन्या चांदीसारखी मंद दिसते. चोरताना ती कोटाखाली कोंबायची, शेवटी जाताना उघड्या हातात न्यायची. मधला बदल प्रेक्षकांना या एका फरकातून कळू दे.

सार्जंट पकडून आणतो तेव्हा चेहऱ्यावर पश्चात्ताप नको. बिशपने खोटं बोलून वाचवलं की कैद्याला आधी संशय येणार, ही आणखी मोठी चाल तर नाही? सार्जंटकडे बघ, मग बिशपकडे, मग दाराकडे. शिपाई गेल्यावर, बेड्या घालायला कुणीच उरलं नाही हे पटल्यावर आवाज फुटू दे, तोही एकदाच. बहुतेक नट जेवणाच्या ताटावरच डोळे ओले करतात. मग पुढची चोरी अशक्य वाटते, आणि चोरी खरी वाटली नाही तर क्षमाही खरी वाटत नाही.

आशीर्वाद मागताना वाकून पाया पडू नकोस. ती फ्रेंच ख्रिस्ती माणसं आहेत. गुडघे टेकायचे, मान खाली.

तालमी शेवटाकडून सुरू कर. सार्जंट गेल्यानंतरचा भाग दोन-तीन दिवस शब्दांशिवाय, नुसत्या हालचालींनी करा, मग संवाद घाला. सुरी, ताट, शमादानं पहिल्या आठवड्यापासून हातात हवीत, रंगीत तालमीपर्यंत थांबू नकोस. आणि सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात प्रयोग लावणार असलास तर खऱ्या मेणबत्त्या चालतील का ते तारीख घेतानाच विचार. नाही म्हणाले तर बॅटरीच्या मेणबत्त्या आणि समोरून पिवळसर दिवा, एवढ्यावर भागतं.

तुझ्या प्रयोगाची वाट पाहणारा,
सांगलीचा एक जुना तालीमकरी