मोटरहोमच्या मागच्या एक्सलचं ऑइल कसं तपासायचं आणि कधी बदलायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोर्स ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेली जुनी मोटरहोम आहे, नागपूरहून वर्षाला चार-पाच सहली होतात, मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसतो आणि गॅरेजवाला म्हणतो, "क्राऊन ऑइल टॉप-अप केलं की झालं."

टॉप-अपने हे काम होणार नाही. क्राऊन म्हणजे मागच्या एक्सलच्या मधल्या लोखंडी पेटीतलं (हौसिंगमधलं) मोठं दातेरी चक्र, आणि त्याला लागणारं गिअर ऑइल म्हणजे क्राऊन ऑइल. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, क्राऊनचं ऑइल जळत नाही. हौसिंगमधली पातळी खाली गेली असेल तर ऑइल कुठून तरी बाहेर पडलंय, आणि ती वाट सापडेपर्यंत वर भरलेलंही तिथूनच जाणार.

ओघळ आधी बोटाने तपासा. ब्रेक ऑइल पाण्यासारखं पातळ असतं, ते रंग उडवतं आणि बॉनेटखालच्या डबीतली पातळी उतरते. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. हा वास नव्या ऑइललाही असतोच, तेव्हा नुसत्या वासावरून ऑइल खराब झालं असं समजू नका.

पातळी बघायची रीत साधी आहे, पण जागा चुकली तर आकडा चुकतो. गाडी १५-२० मिनिटं चालवून आणा, सपाट फरशीवर लावा, चाकांना ठोकळे द्या आणि १० मिनिटं ऑइल खाली निथळू द्या. एकच चाक जॅकवर उचलून बघितलेली पातळी खोटी असते. खाली शिरायला जागा नसेल तर मागचा एक्सल दोन्ही बाजूंनी सारखा उचलून घोडीवर (आधाराच्या लोखंडी स्टँडवर) ठेवा. मुक्कामाला गाडी समतल करायचे जे हायड्रॉलिक पाय असतात, त्यांच्या भरवशावर गाडीखाली कधीही झोपू नका.

हौसिंगच्या मधोमध, मागे किंवा पुढे, लेव्हलचा नट असतो. भोवतीची माती तारेच्या ब्रशने झाडून मगच तो खोला, नाहीतर कचरा आत जातो. करंगळी आत घालून खाली वाकवा. ऑइल भोकाच्या खालच्या कडेला लागत असेल तर पातळी बरोबर आहे. बोट बुडवावं लागलं तर कमी आहे. ऑइल बाहेर वाहू लागलं तर जास्त आहे, जास्तीचं गळून जाऊ द्या. जास्त भरणं हाही दोषच: क्राऊन ते घुसळतो, फेस होतो, तापमान वाढतं आणि सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) ढकलून ऑइल बाहेर पडतं. कमी असेल तर पुढच्या पिनियनच्या (क्राऊनला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चक्राच्या) बेअरिंगला पहिला फटका बसतो, कारण क्राऊनने उडवलेल्या ऑइलवरच ते जगतं.

बोटाला आलेलं ऑइल नीट बघा. काळपट तपकिरी चालेल. दुधाळ किंवा ताकासारखं असेल तर आत पाणी गेलंय, ते लगेच काढा. ड्रेन नटला चुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्यासारखा थर येणं नेहमीचं आहे. बोटाला टोचणारा तुकडा किंवा चमकती कपची दिसली तर ऑइल बदलून भागणार नाही, हौसिंग उघडावं लागेल.

आता गळती. सगळ्यात आधी ब्रीदर बघा. एक्सलच्या नळीवर किंवा हौसिंगच्या माथ्यावर छोटी टोपी असते, तीच. गाडी चालली की आतली हवा तापून फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. आपल्याकडची काळी माती पावसात तिथे बसते आणि सुकली की सिमेंटसारखी घट्ट होते. मग दाब सीलवर येतो. नवं सील टाकलं आणि महिन्याभरात पुन्हा गळायला लागलं, अशा तक्रारीत सीलला दोष देण्याआधी ब्रीदर काढून फुंकून बघा. टोपी हाताने सहज फिरली पाहिजे. नवीन ब्रीदर फार स्वस्त मिळतो, तो बदलूनच टाका.

ब्रीदर मोकळा असेल तर तुमच्या बाबतीत संशय डाव्या बाजूच्या एक्सल सीलवर. ड्रम उघडा. आत ऑइल पोचलं असेल तर लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) बदला, आणि एकाच बाजूचे नको, दोन्ही बाजूंचे. पेट्रोलने धुऊन तेच लायनर परत बसवणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा. ऑइल लायनरमध्ये मुरतं, आणि मुक्तागिरी-चिखलदऱ्याच्या बाजूचा घाट उतरताना लायनर तापला की पुन्हा वर येतं. एका बाजूचा ब्रेक लागतो, दुसऱ्या बाजूचा लागत नाही, आणि भरलेली मोटरहोम बाजूला ओढली जाते. सील बसवण्याआधी ते जिथे टेकतं त्या जागेवर नख फिरवा. चर पडली असेल तर नवं सीलही फार दिवस टिकणार नाही. बेअरिंगला खेळ असेल तर आधी बेअरिंग.

गळती पुढे, प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे येणाऱ्या दांड्याच्या) बाजूला असेल तर ते टेल पिनियनचं सील. इथे घाई नको. तो मोठा नट खोलण्याआधी नट आणि दांड्यावर पंचने खूण करून ठेवा. बऱ्याच एक्सलमध्ये बेअरिंगचा ताण हाच नट ठरवतो, आत दबणारी बाही असते. इम्पॅक्ट गनने नट वाटेल तितका आवळला तर बेअरिंग जास्त घट्ट होऊन जळतं, सैल राहिला तर क्राऊन आवाज करायला लागतो.

ऑइल कोणतं? मॅन्युअलमध्ये लिहिलंय ते. हायपॉइड क्राऊन-पिनियनमध्ये दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, जोरात घासतातही, म्हणून जीएल-५ (जास्त दाब सोसणाऱ्या गिअर ऑइलचा दर्जा) लागतं. गिअरबॉक्ससाठी उरलेलं जीएल-४ इथे ओतू नका. ग्रेड बहुतेक ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० असते. १०० अंश सेल्सिअसला ९० ग्रेड १३.५ ते १८.५ सेंटिस्टोकच्या (दाटपणा मोजायचं एकक) दरम्यान असते, १४० ग्रेड किमान २४. मॅन्युअलने दोन्ही चालतील म्हटलं असेल तर नागपूरच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात, टाक्या आणि फर्निचरसह भरलेल्या गाडीला मी १४० देईन. थंडीत स्पिती-लडाखला जायचं असेल तर ९० बरी.

मॅन्युअल हाती नसेल तर माझा हिशेब ४० हजार किलोमीटर किंवा दोन वर्षं, यातलं जे आधी येईल ते. मोटरहोम कमी धावते म्हणून किलोमीटरवर विसंबू नका. महिनोन्महिने उभी राहिली की दात्यांवरचं ऑइल खाली उतरतं, आतल्या दमट हवेचं पाणी होतं आणि उघड्या पडलेल्या दात्यांवर गंज बसतो. उभ्या गाडीला महिन्यातून एकदा १५-२० किलोमीटर फिरवून आणा, नुसतं इंजिन चालू ठेवून क्राऊन फिरत नाही.

बदलताना वरचा लेव्हल नट आधी खोला, मग खालचा ड्रेन. उलटं केलं आणि वरचा नट जाम निघाला, तर रिकाम्या हौसिंगची गाडी घेऊन बसाल. ऑइल कोमट असताना २० मिनिटं गळू द्या. ड्रेनचा वॉशर नवा टाका. नट शंकूसारखा निमुळता असेल तर वॉशर नसतो, आणि तो अती आवळू नका, हौसिंगला तडा जातो. भरायला हातपंप घ्या. या आकाराच्या एक्सलला साधारण २ ते ४ लिटर लागतं, पण शेवटचा शब्द भोकाच्या कडेचा. दहा किलोमीटर चालवून, थांबून, पुन्हा बोट घालून बघा.

पावसाळ्यात पाणी भरलेल्या नाल्यातून गाडी काढली आणि हौसिंग बुडालं, तर दुसऱ्याच दिवशी लेव्हल नट खोला. तापलेलं हौसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर सीलच्या ओठांतून पाणी आत ओढलं जातं.

सील घ्यायला जाताना जुनं सोबत न्या, त्यावर माप छापलेलं असतं. जुनं ऑइल डब्यात भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्या अधिकृत भंगारवाल्याकडे द्या; गटारात ओतलेलं शेवटी नाग नदीतच जातं.