ऑफिसातल्या सहकाऱ्यांसोबत वाचनाचा उपक्रम करायचा आहे. सगळे पुस्तक शेवटपर्यंत वाचतील यासाठी काय करावं?

वर्षाला अमुक इतकी पुस्तकं, असा आकडा ठरवू नका. आकडा आला की माणसं पातळ पुस्तकं शोधू लागतात आणि बोलणं ‘तुझी किती झाली?’ याच्या पुढे जात नाही. आमच्या पाटबंधारेच्या ऑफिसात सगळ्यांनी महिनाभर एकच पुस्तक वाचायचं आणि महिनाअखेरीच्या शुक्रवारी डबा खाताना त्यावर बोलायचं असं ठरलं. वाचून झालं नसेल, तरी यायचंच. अर्धं वाचलेला माणूस इतरांचं बोलणं ऐकून उरलेलं हमखास संपवतो.

सुरुवात ‘बनगरवाडी’ने केली. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची ही कादंबरी छोटी आहे, आणि माणदेशातल्या धनगरवाडीत नव्यानं रुजू झालेल्या कोवळ्या मास्तरची गोष्ट आहे. आमच्यातल्या बहुतेकांची पहिली नेमणूक आडगावीच झालेली, त्यामुळे शाळा सुटल्यापासून पुस्तक हाती न धरलेल्यांनीही ती पूर्ण केली. शेवटी दुष्काळानं वाडी उठते. त्या शुक्रवारी टंचाईतल्या टँकरच्या आठवणी निघाल्या आणि जेवणाची सुट्टी कधी संपली ते कळलं नाही.

‘रणांगण’वर मात्र दोन तट पडले. विश्राम बेडेकरांच्या या कादंबरीचा नायक चक्रधर काहींना अजिबात आवडला नाही. मला ती फार थोर कादंबरी वाटते. १९३९ साली मराठीत जहाजावरच्या ज्यू निर्वासितांवर कुणी असं लिहिलं, याचं मला अजून अप्रूप आहे. ‘स्मृतिचित्रे’ आस्थापना शाखेतल्या एक ताई मोठ्यानं वाचून दाखवायच्या. लक्ष्मीबाई टिळकांची भाषा बोलल्यासारखी आहे, ती ऐकायलाच हवी.

आम्हाला आतून हलवलं ते विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’नं. धरणात गाव गेलेल्या लोकांची ही कादंबरी १९९१ची, तिला १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. जाडजूड असल्यानं दोन महिने घेतले. बुडीत क्षेत्र, भूसंपादन, मोबदला, पर्यायी जमीन हे शब्द आमच्या टेबलावर रोज असतात. इथे ते पलीकडच्या बाजूनं वाचले, हेलपाटे घालणाऱ्याच्या बाजूनं. आमच्यातल्या एका सहकाऱ्याचं मूळ गाव धरणात गेलेलं आहे. इतकी वर्षं शेजारी बसून आम्ही त्यांना त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी ते गावातलं देऊळ, घाट, आजोबांनी सोबत आणलेला उंबरठा यांबद्दल बोलले. कुणी मध्ये बोललं नाही. त्यानंतर प्रकल्पग्रस्त अर्ज घेऊन आले की आमच्या शाखेत आधी त्यांना खुर्ची दिली जाते. एवढा बदल तरी मी डोळ्यांनी पाहिला आहे.

म्हणून पुस्तक निवडताना तुमच्या कामाला कुठेतरी भिडणारं निवडा, आणि पहिलं दीडशे पानांच्या आसपासचं घ्या. प्रती सगळ्यांनी विकत घ्यायची गरज नाही. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व दोघा-तिघांनी घेतलं तरी पुस्तक हातोहात फिरतं. साहेबांना यायचं असेल तर येऊ द्या, पण उपक्रम त्यांच्या हुकमानं सुरू करू नका. तुमचं ऑफिस कशाचं आहे ते लिहिलंत, तर पहिलं पुस्तक सुचवते.