ऑफिसातून आल्यावर झटपट होणारं, मुलंही खातील असं गोव्याकडचं रोजचं काय करता येईल?

मुगागाठी करा, म्हणजे मोड आलेल्या मुगाची ओल्या खोबऱ्याचं वाटप घातलेली उसळ. कांदा-लसूण नाही, त्यामुळे सोमवार-गुरुवारीही चालते.

मूग आदल्या दिवशी भिजवून, निथळून फडक्यात बांधायचे. मोड आले की डबा फ्रिजमध्ये. करायच्या वेळी कोमट पाण्यात घालून हाताने हलके चोळा, सालं वर तरंगतात, ती पाण्याबरोबर ओतून टाका. थोडी राहिली तर राहू देत, सालीत चोथा असतो, तो पोटाला चांगलाच. मूग हळद घालून उघड्या भांड्यातच शिजवा, कुकरमध्ये लगदा होतो. दाणा बोटांत दाबला की मोडला पाहिजे, पण आकार टिकला पाहिजे.

वाटप : वाटीभर मुगाला अर्धी वाटी ओलं खोबरं, चमचाभर धणे, चार मिरी, दोन सुक्या मिरच्या. लहान मुलं असतील तर एकच मिरची. वाटप, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून एक उकळी. वरून मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी, शक्यतो खोबरेल तेलात.

सोबत उकड्या तांदळाचा भात. उरलीच तर सकाळी पावाबरोबर खा, मुरल्यावर जास्त छान लागते.